दाबाची हवा

हवा फुकट मिळते असे म्हणणाऱ्या माणसाने कारखान्याचे विजेचे बिल कधी पाहिलेले नसते. चौतीस वर्षे मी पिंपरीच्या एका कारखान्यात हवा पुरवीत होतो. बाहेरची हवा आत ओढायची, ती दाबायची, गाळायची, तिच्यातले पाणी काढून टाकायचे आणि नळांतून शॉपमध्ये पाठवायची, हे माझे काम. माझे लग्न ठरत होते तेव्हा सासऱ्यांनी मध्यस्थाला विचारले, "मुलगा कारखान्यात नेमके करतो काय?" मध्यस्थ भला माणूस, त्याने आपल्याला समजले तसे सांगितले, "हवा भरतो." चिंचवड स्टेशनजवळ माझे सायकलचे दुकान असावे अशी सासरेबुवांची पुष्कळ दिवस समजूत होती, आणि तशी समजूत असूनही त्यांनी मुलगी दिली, ह्याबद्दल मला त्यांचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

पण खरोखरच आमचा हा सगळा मुलूख हवेवर चालतो. पिंपरी, भोसरी, आकुर्डी, आणि पुढे थेट चाकणपर्यंत कुठल्याही शॉपमध्ये शिरा. यंत्रांच्या धडधडीखाली एक बारीक 'फुस्स' ऐकू येईल. नट आवळायचा तो हवेने, रंग फवारायचा तो हवेने, यंत्रावरचा तुकडा घट्ट धरून ठेवायचा तोही हवेने. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि ह्या माळरानाचे रूप पालटू लागले. तिथल्या पेनिसिलिनच्या बुरशीलासुद्धा टाक्यांतून सतत निर्जंतुक हवा सोडावी लागे. बुरशी झाली तरी तिला श्वास हवाच.

आमच्याकडच्या हवेचा दाब सहा-सात बार. एक बार म्हणजे जवळजवळ तुमच्या-आमच्या डोक्यावर जे वातावरण आहे त्याचा दाब. ही हवा नळांच्या सांध्यांतून गळते. दिवसा त्या गोंगाटात गळती सापडत नाही. म्हणून सुट्टीच्या आदल्या रात्री यंत्रे बंद झाली की मी शॉपभर कान लावून हिंडे. फुस्स कुठून येते ते ऐकायचे, खडूने खूण करायची आणि पुढे जायचे. धाकटी मुलगी लहान असताना एकदा हट्टाने माझ्याबरोबर आली होती. तिने माझ्याहून तीन गळत्या जास्त शोधल्या. मुलांचे कान तिखट असतात.

ही धाकटी पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत लागली. पहाटे मोशीच्या नाक्यावर कंपनीची बस पकडायची आणि रात्री अंधारात उतरायचे. काम उत्पादनाच्या नियोजनाचे. "बाबा, मी दिवसभर इतरांना उशीर का झाला ह्याची कारणं लिहिते," असे ती म्हणे. मला त्यात काही वावगे वाटत नसे. कारणे लिहिण्याचा पगार चांगला होता. मग एकदा त्या खात्याची सहल मालवणला गेली. सिंधुदुर्ग पाहून झाला, आणि हल्ली तिथे सगळेच करतात तशी ह्या मंडळींनीही किल्ल्याजवळच्या पाण्यात, तोंडात नळी धरून, पंधरा मिनिटांची बुडी मारली. बाकीचे वर आले, सोलकढी प्यायले आणि सोमवारी कामावर हजर झाले. आमची मुलगी वर आली खरी, पण सगळीच्या सगळी आली नाही. पुढच्या दोन वर्षांत सुट्ट्या साठवून ती तारकर्लीला राहून शिकली. तिथे पर्यटन महामंडळाने काढलेली पाणबुड्यांची संस्था आहे. आणि एक दिवस चाकणची नोकरी सोडून ती अंदमानात, ज्याला पूर्वी हॅवलॉक म्हणत आणि २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात त्या बेटावर, लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवण्याच्या कामावर रुजू झाली.

आमच्या सोसायटीत ही गोष्ट समजावून सांगणे फार अवघड गेले. एका शेजारणीने विचारले, "शिकवते म्हणजे काय शिकवते?" आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले, "पाण्याखाली श्वास घ्यायला." "पण श्वास तर सगळ्यांनाच घेता येतो!" ह्यावर सौभाग्यवतींजवळ उत्तर नव्हते; माझ्याजवळ होते, पण ते सांगायला कॉम्प्रेसरपासून सुरुवात करावी लागली असती.

पाण्याचे भय आमच्या घरात नव्हते असे नाही. मी स्वतः चिखलीच्या विहिरीत पोहायला शिकलो. पाठीला पत्र्याचा डबा बांधून थोरल्या मुलांनी ढकलून द्यायचे, ही तेव्हाची पोहण्याची शाळा. डबा सुटला की पुढची इयत्ता म्हणजे तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचे. विहिरीची दगडी भिंत डोळ्यांसमोरून वर वर सरकत जाई; चिऱ्यांच्या फटींत शेवाळ, कुठे एखादा विरोळा, मग पाणी एकाएकी गार, कानांत कळ, आणि हाताला लागलेला तो मऊ, काळा गाळ. वर आल्यावर मूठ उघडून दाखवायची. गाळ नसला तर पुन्हा जायचे. आता त्या विहिरीच्या जागी एका इमारतीची मोटारी ठेवायची जागा आहे. शेजारच्या देहूला तर डोहाचे महात्म्य निराळेच. तुकोबांची गाथा इंद्रायणीत तेरा दिवस राहून कोरडी वर आली, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधीच मुलांना ठाऊक असते. बुडालेले वर येते ह्यावर आमच्या मुलखाचा भरवसा त्यामुळे अंमळ जास्तच.

आईचा भरवसा मात्र गाथेवर असतो, मुलीच्या बाबतीत नसतो. अंदमानात दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो, समुद्र निवळतो, आणि मुलीला घरी येता येत नाही. दोन दिवाळ्या तिच्या वाटणीच्या चकल्या शेजारी वाटून झाल्यावर २०२३ साली सौभाग्यवतींनी जाहीर केले की, ह्या वेळी फराळ मुलीकडे जाईल. माझ्या मनात आणखीही एक गोष्ट होती. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने चाकणला देखभाल खात्यात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. नोव्हेंबरअखेर उत्तर हवे होते. फोनवर हे बोलले तर ती हसून विषय बदलते. तेव्हा समोरासमोर बोलावे, आणि बोलण्यापूर्वी तिचे काम एकदा डोळ्यांनी पाहावे, असे मी ठरवले. एखाद्या यंत्राबद्दल मत द्यायचे तर ते चालताना पाहावे लागते.

पाहायचे म्हणजे खाली जायला हवे. बासष्टाव्या वर्षी मी डॉक्टरांकडून छाती, कान, हृदय तपासून दाखला घेतला, पुण्यातल्या एका तरणतलावात आठवडाभर धडे घेतले आणि उरलेल्या चार बुड्या अंदमानात समुद्रात पुऱ्या केल्या. मला अठरा मीटरपर्यंत जाण्याचा परवाना मिळाला. शिकवणारा दुसरा एक तरुण होता. स्वतःच्या बापाला आपण शिकवू नये असा मुलीने दंडक घालून घेतला होता. तो बरोबरच होता. मीही तिला मोटार चालवायला शिकवली नव्हती.

ह्या धड्यांत मला सगळ्यांत मौज वाटली ती श्वासाच्या झडपेची. सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाची हवा असते. ती थेट तोंडात आली तर माणूस फाटेल. म्हणून मध्ये एक झडप असते. तुम्ही श्वास ओढलात की ती उघडते, थांबलात की मिटते, आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल नेमक्या तेवढ्याच दाबाची हवा देते. ह्या झडपेचा उगम मोटारीत आहे हे ऐकून मी खूश झालो. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना. मोटारी गॅसवर चालवायच्या तर इंजिन मागेल तेवढाच गॅस देणारी झडप पाहिजे. एमिल गान्यां नावाच्या एका इंजिनिअराने ती केली होती. नौदलातले कुस्तो त्याच्याकडे गेले, आणि १९४३ साली तीच कल्पना माणसाच्या तोंडाला बसवून पाण्याखाली चालू झाली. म्हणजे इंजिनाच्या जागी माणूस बसवला. आमच्या पट्ट्यात ह्याच्या उलट प्रकार पुष्कळ पाहिला होता. हा सुलटा पहिल्यांदाच पाहिला.

हॅवलॉकच्या धक्क्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रात एक जागा आहे. तिला नुसतेच 'भिंत' म्हणतात. दहाएक मीटर पाण्याखाली पोवळ्यांचे पठार आहे. ते एके ठिकाणी एकदम संपते आणि कडा सरळ खाली, पन्नास मीटरांच्या पलीकडे उतरतो. पाणी काढून टाकले तर सह्याद्रीतल्या एखाद्या कड्याच्या टोकावर आपण उभे आहोत असे वाटेल. अशी भिंत पाहायला एवढ्या लांब कशाला जायचे, असे कोणी म्हणेल. आपल्या विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात, असेच एक बुडालेले पठार आहे. त्याला कान्होजी आंग्र्यांचे नाव मिळाले आहे. नकाशावर 'आंग्रिया बँक' असे लिहितात. त्याचा सर्वांत उथळ माथाही पाण्याखाली वीसएक मीटर, आणि कडांपाशी समुद्र शेकडो मीटर खोल. मुलीच्या खोलीत त्या नकाशाची घडी भिंतीला टोचलेली आहे. देवाच्या तसबिरीशेजारी, आणि तसबिरीहून मोठी.

हॅवलॉकच्या भिंतीची अडचण म्हणजे प्रवाह. अंदमानात उधाणालाही पाणी दोन मीटरांच्या आसपासच चढते. मुंबईच्या उधाणाच्या मानाने ते काहीच नव्हे. पण बेटाबेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून तेवढेच पाणी जेव्हा शिरते तेव्हा ते नदीसारखे धावू लागते. म्हणून तिथे जायचे ते घड्याळ पाहून नव्हे, पंचांग पाहून.

हे ऐकून सौभाग्यवतींना प्रथमच मुलीच्या धंद्याविषयी थोडा आदर वाटला. आपण घरोघर लक्ष्मीपूजनाचे दिवे लावतो ती आश्विनी अमावास्या. त्या दिवशी सूर्य आणि चंद्र एकाच बाजूने ओढतात, आणि समुद्राला उधाण येते. पौर्णिमेलाही तसेच. अष्टमीच्या सुमारास दोघांच्या ओढी एकमेकींना काटकोनात येतात, आणि भरती मंद होते. तिला कोकणात भांगाची भरती म्हणतात. आमचा नावाडी बंगाली होता. पूर्व बंगालमधल्या निर्वासितांना १९५०च्या दशकात ह्या बेटावर वसवले, त्यांतल्या एका कुटुंबातला. तो उधाणाला 'भरा कोटाल' म्हणे आणि भांगाला 'मरा कोटाल'. भरलेले पाणी आणि मेलेले पाणी. तिथीचा हिशेब मात्र त्याचा आणि सौभाग्यवतींचा तंतोतंत जुळला. कार्तिक शुद्ध अष्टमी, तारीख २० नोव्हेंबर, असे ठरले.

दिवस ठरला तरी वेळ ठरायची होती. कारखान्याचा भोंगा वर्षभर एकाच मिनिटाला वाजतो. चंद्राची पाळी रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा सुरू होते, आणि त्याबद्दल कोणी त्याचा पगार कापीत नाही. शिवाय पाणी सहा तास चढते ते सारख्या गतीने नव्हे. दर्यावर्दी लोकांचे एक अदमासाचे गणित आहे: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन, आणि शेवटी एक. मला हे लगेच पटले. आमच्याकडची पाळीही अशीच चाले. पहिला तास चहाचा, शेवटचा हात धुण्याचा, आणि काय ते काम मधल्या दोन तासांत. बुडी मारायची ती पाळी बदलताना, म्हणजे भरती संपून ओहोटी लागायच्या मध्ये पाणी उभे राहते तेव्हा.

सकाळी होडीत आम्ही चौघे. मुलगी, मी, नावाडी, आणि फराळाचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या सौभाग्यवती. त्यांना पोहता येत नाही. त्यांनी निघताना दोघांना कुंकू लावले, आणि मुखवटा घालताना ते पुसले जाईल हे लक्षात आल्यावर तो कडेने घालायला सांगितले. मुलीने माझे सगळे पट्टे, बकले, झडपा स्वतःच्या हाताने तपासल्या. दाबाचा काटा मला दाखवला: दोनशे. मग स्वतःचा मला दाखवला. कामावरचा चांगला फोरमन करतो तसे. म्हणजे बापाला दाखवायचे म्हणून नव्हे.

पाठीवरून पाण्यात पडलो, आणि आवाज बंद झाला. उरला फक्त माझा श्वास: आत घेताना तोच 'फुस्स'. चौतीस वर्षे ज्याला मी गळती म्हणत आलो तो आवाज आता माझ्या जिवाचा होता. दहा मीटर खाली गेले की दाब एका बारने वाढतो; अठरा मीटरवर तो वरच्या जवळजवळ पावणेतीन पट होतो. हवाही त्याच प्रमाणात लागते. वर मिनिटाला वीस लिटर घेणारा माणूस तिथे पन्नासहून अधिक घेतो. सिलिंडरमध्ये सारे मिळून बावीसशे लिटर. हा हिशेब डोक्यात चालू असतानाच पठार संपले, आणि मी कडेवरून पलीकडे गेलो.

पायाखाली काही नसण्याची सवय विहिरीने लावली नव्हती. विहिरीला तळ असतो. इथे निळे होत होत काळे होणारे पाणी, आणि डाव्या हाताला भिंत. पण काय भिंत! रिकामा वीतभर चिरा नाही. फांद्यांसारखी नरम पोवळी, मोठाल्या पंख्यांसारखी पोवळी, त्यांच्या आडोशाला काटे पसरून बसलेला सिंहमासा, आणि बाहेर निळ्यात लहान माशांचे थवेच्या थवे. पंखे सगळे एकाच रोखाने उभे होते. ते प्रवाहाला आडवे वाढतात. वाहत्या पाण्यातून येणारे अन्न गाळून खातात. म्हणजे ज्या प्रवाहाला टाळून आम्ही आलो होतो त्याच्याच जिवावर ही भिंत नटली होती. इतक्या खाली लाल रंग पोचत नाही. मुलीने एका काळपट फांदीवर विजेरीचा झोत टाकला, आणि ती एकदम कुंकवासारखी लाल झाली. झोत काढला, पुन्हा काळी. असे तिने दोनदा केले. दिवाळीला फुलबाजी दाखवावी तसे.

वीसेक मिनिटे झाली असतील. थव्यातले मासे, इतका वेळ इकडे तिकडे तोंडे करून हिंडत होते ते, सगळे एका दिशेला वळले. मुलगीही थांबली. मासा प्रवाहाकडे तोंड करतो. मासे वळले म्हणजे पाणी लागले. वेळेच्या आधी लागले होते. माझे बुडबुडे इतका वेळ सरळ वर जात होते, ते आता तिरके जाऊ लागले. मग त्यांतले काही वर जाईनात. माझ्या छातीपाशी घोटाळले आणि खाली निघाले. बुडबुडा खाली जाताना मी जन्मात पाहिला नव्हता. कड्यावरून वाहणारे पाणी आम्हांला घेऊन उतरत होते. मी पाय हलवीत नव्हतो आणि मनगटावरचे मीटर बोलत होते: अठरा, एकोणीस, एकवीस. चौतीस वर्षांत मी मीटरच्या काट्यावर इतक्या मनापासून नजर ठेवली नव्हती.

मुलीने माझा दंड धरला. आम्ही दोघे भिंतीच्या एका खोबणीत शिरलो. तिने मोकळ्या दगडाचे एक टोक शोधून मला धरायला लावले आणि माझ्या मुखवट्यासमोर आपला मुखवटा आणला. तिने दोन बोटांनी स्वतःच्या डोळ्यांकडे दाखवले: माझ्याकडे पाहा. मग तळहात सावकाश वरखाली: श्वास संथ. मी तिच्या बुडबुड्यांच्या तालावर श्वास घेऊ लागलो. मला तिचे डोळे दिसत होते. ती माझ्याकडे पाहत होती, पण ऐकत होती ते पाण्याकडे. शॉपमध्ये अंधारात गळती शोधताना ती अशीच थबकायची.

मग तिने निकाल दिला. बोटाने भिंतीपासून दूर, निळ्याकडे दाखवले. मला वाटले होते की भिंत धरून वर चढायचे; माणसाचा जीव घट्ट वस्तूकडे धावतो. पण खाली ओढणारे पाणी कड्यालगतच असते. आम्ही भिंत सोडली आणि तिरके, बाहेरच्या बाजूला पोहत निघालो. तिने माझा दंड सोडला नाही. तिच्या मनगटावरचे मीटर मला दिसत होते. एकवीस, एकवीस, वीस. मग सतरा. भिंत दिसेनाशी झाली. वर, खाली, चहूकडे एकच निळा रंग. प्रवाह चालूच होता, पण आता तो आडवा वाहत होता आणि आम्ही त्याच्याबरोबर. वाहत्या पाण्याशी भांडणे थांबवले की वारा थांबल्यासारखे वाटते.

पाच मीटरांवर तिने मला थांबवले आणि एका दोरीला बांधलेला नारिंगी फुगा हवा भरून वर सोडला. ही नावाड्याला खूण. तिथे तीन मिनिटे थांबायचे असते. दाबाखाली रक्तात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू द्यायचा. घाई केली तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे होते. हा रोग पाणबुड्यांचा म्हणून आता प्रसिद्ध असला तरी त्याची ओळख मोठ्या प्रमाणावर झाली ती कामगारांमुळे. नदीत पुलाचा पाया खणताना पाणी आत येऊ नये म्हणून दाबाच्या हवेत बसून काम करीत, त्या मजुरांना तो होई. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना त्याचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली त्यानेच अंथरुणाला खिळला. किती वेळ, कुठे थांबत वर यावे ह्याचे कोष्टक हाल्डेनने बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये दिले. तोवर किती मजूर वाकडे झाले आणि मेले. ह्या तीन मिनिटांत मला त्यांचीच आठवण झाली. खेळाची सोय बहुतेक वेळा कोणाच्या तरी मजुरीतून निघते.

वर आलो तेव्हा होडी काडेपेटीएवढी दिसत होती. पण तिचे नाक आमच्याकडे होते. नावाड्याने फुगा वर येण्याआधीच, पृष्ठभागावरच्या रेषा पाहून, पाणी फिरले हे ओळखले होते आणि इंजिन चालू केले होते. मरा कोटालसुद्धा पुरता मेलेला नसतो, असे काहीसे तो नंतर म्हणाला. पाच-सात मिनिटांत होडी आली. सौभाग्यवतींनी आधी माझ्याकडे, मग मुलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"लवकर आलात?"

"पाणी फिरलं, आई."

"मग बरं केलंत." त्यांनी डब्याचे झाकण काढले. "ह्यांच्या तीन मुली आहेत," नावाड्याकडे दाखवून त्या म्हणाल्या. "मधलीचं ठरतंय." अर्ध्या तासात त्यांनी बेटाची खानेसुमारी केली होती. नावाडी चकली खात होता. माझा हात मात्र डब्यापर्यंत जाईना. तो थरथरत होता, आणि मुलीने एक लाडू माझ्या हातात ठेवून वरून आपली मूठ मिटली.

त्या रात्री खोलीत सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ते चाकणचं विचारणार होता ना?"

"विचारतो."

"विचाराच. मला लपवाछपवी नको. पण मी सांगते, होडीत मला भीती वाटली ती तुमची. तिची नाही वाटली."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या दुकानामागच्या पडवीत गेलो. तिथे सिलिंडर भरण्याचा कॉम्प्रेसर होता. आमच्या कॉम्प्रेसरांपुढे तो मांजराएवढा. पण दाब आमच्या तीसपट, आणि त्याची हवा नटबोल्ट आवळायला नव्हे, छातीत जायला. मी सवयीने आधी हवा कुठून आत घेतात ते पाहिले. जवळ कुठे इंजिनाचा धूर निघत असेल तर तो विषारी वायू सिलिंडरमध्ये भरला जातो, आणि खाली गेल्यावर दाबामुळे त्याचा घात वाढतो. नळी छपराच्या वर दीड पुरुष उंच नेलेली होती, वाऱ्याच्या रोखाने वळवलेली होती, आणि तोंडाशी बारीक जाळी बसवलेली होती. गाळण्यांच्या तारखा एका पाटीवर खडूने लिहिलेल्या होत्या. अक्षर ओळखीचे होते.

ती मागे येऊन उभी राहिली होती. "आधी नळी खालीच होती," ती म्हणाली. "मी वर घ्यायला लावली."

मी मग चाकणचे सगळे सांगितले. काम कोणते, पगार किती, बस कुठून सुटते, उत्तर कधीपर्यंत द्यायचे. काही वगळले नाही आणि काही वाढवून सांगितले नाही. तिने शेवटपर्यंत ऐकले. "देखभालीत कॉम्प्रेसर हाऊसही येतं?" तिने विचारले.

"येतं. चार मोठे आहेत."

"छान असेल," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटले हे मला समजले. मग बराच वेळ आम्ही दोघे नुसते उभे राहिलो. यंत्र चालू होते. तिसऱ्या टप्प्याची झडप किंचित उशिरा बसत होती. ठोक्यामागे एक हलका टोला येत होता. मी तिच्याकडे पाहिले.

"ऐकला," ती म्हणाली. "सुटा भाग मागवलाय. पोर्ट ब्लेअरहून शुक्रवारच्या बोटीने येईल."

"आतलं पाणी किती वेळाने काढता?"

"पंधरा मिनिटांनी."

मी घड्याळ पाहिले. चौदा झाली होती. ती मागे सरली आणि तिने मला झडपेपाशी जागा करून दिली.